खिसेकापू परदेशातला, सेफ्टी पिन डोंबिवलीची

एकतीस वर्षं मी डोंबिवली ते व्हीटी लोकलनं गेले आणि आले. बँकेत कॅशियर होते. महिन्याच्या सात तारखेला पगार पर्समध्ये घेऊन संध्याकाळच्या गर्दीत चढायचं आणि दिव्यापर्यंत एका पायावर उभं राहायचं. एवढ्या वर्षांत माझं एकदाही काही गेलं नाही. त्यामुळे युरोपच्या सहलीला निघताना मुलगा म्हणाला, ‘‘आई, रोममध्ये पाकीट सांभाळ हं,’’ तेव्हा मला हसूच आलं होतं.

मे २०१८. रोमचं तेर्मिनी स्टेशन, मेट्रोची ए लाइन, सकाळचे साडेआठ. आम्हाला ओत्ताव्हियानोला उतरून व्हॅटिकनला जायचं होतं. मी, आमचे हे आणि माझ्या नणंदबाई. ह्यांनी पाकीट पँटच्या पुढच्या खिशात ठेवलं होतं आणि वर हात दाबून धरला होता. अगदी शिकवल्यासारखं. गाडी आली. आमच्या पुढे हातावर शाल टाकलेली एक मुलगी होती, ती दारातच थबकली, चढावं की न चढावं असं करत. मागून दोघी-तिघी रेटायला लागल्या. दार बंद होण्याची शिट्टी वाजली, नणंदबाई अजून फलाटावरच. ह्यांनी हात पुढे करून त्यांना आत ओढलं. शालवाली मुलगी शेवटच्या क्षणी खाली उतरली. दार लागलं. दुसरं स्टेशन बार्बेरिनी, तिथे ह्यांचा हात परत खिशाकडे गेला तर खिसा रिकामा.

मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी होते आणि मला काहीही दिसलं नाही.

त्या दिवसापासून मी या विषयाचा जरा नादच घेतला. नंतर पॅरिस, बार्सिलोना, प्राग झालं, पुन्हा एकदा रोम झालं. आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर कुणी परदेशी निघालं की माझ्याकडे येतं. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. पहिली गोष्ट अशी की ‘लक्ष ठेवा’ हा सल्ला कुचकामी आहे. ह्यांचं लक्ष होतं की. पण म्हातारी बहीण फलाटावर राहतेय असं दिसल्यावर कुठल्या भावाचा हात खिशावर राहील? चोराला तुमचं लक्ष जाण्याची वाट बघावी लागत नाही, तो ते स्वतः काढून घेतो. म्हणून आपलं लक्ष शंभर टक्के दुसरीकडे असतानाही सामान जागेवर राहील, अशी बांधाबांध आधीच करायची. आणि तरीही गेलंच, तर थोडंच जाईल असं बघायचं.

घरीच, निघायच्या आठ दिवस आधी

ह्यांच्या त्या पाकिटात काय होतं त्याची यादी पोलिसांना देताना मला लाज वाटली. ३४० युरो, फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून घेतलेलं), दोन भारतीय डेबिट कार्डं, पॅन कार्ड, आधार कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स, वाचनालयाचं कार्ड, सिद्धिविनायकाचा फोटो आणि ड्रायक्लीनरची पावती. इटलीत पॅन कार्ड कुणाला दाखवणार होते, देव जाणे. आपल्याकडे पुरुषांचं पाकीट म्हणजे फिरतं कपाट असतं. तेव्हा पहिलं काम हे, की पाकीट पलंगावर उपडं करा. परदेशात लागणारी कागदपत्रं म्हणजे पासपोर्ट, विम्याचा कागद आणि कार्डं. बाकी सगळं कपाटात. आधार-लायसन्स डिजिलॉकरमध्ये असतंच. खरं तर तेही तिकडे कुणी विचारत नाही.

आता कार्डांबद्दल, कारण ही माझी जुनी दुकानदारी. नवरा-बायकोनं एकाच खात्याची दोन कार्डं नेऊ नयेत. एक हरवलं म्हणून खातं गोठवलं की दुसरंही मेलं, असं होऊ शकतं. दोघांची खाती वेगळी, कार्डं वेगळी, आणि एकाचं कार्ड दुसऱ्याच्या पर्समध्ये ‘राहू दे गं तुझ्याकडेच’ म्हणून ठेवायचं नाही. आम्ही नेमकं हेच केलं होतं, फक्त उलटं. माझं फॉरेक्स कार्ड ह्यांच्या पाकिटात असायचं, कारण पैसे देण्याचं खातं त्यांचं. नशीब, त्या दिवशी सकाळी कॉफीला मी ते मागून घेतलं होतं.

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून आपल्या कार्डांचा परदेशी वापर आपणच ॲपमधून चालू-बंद करू शकतो. बहुतेक लोक निघताना एक बटण दाबून सगळंच चालू करून टाकतात. तसं करू नका. आत वेगवेगळे कप्पे असतात: दुकानातलं मशीन, एटीएम, ऑनलाइन, टॅप. त्यातलं परदेशी ऑनलाइन बंद ठेवा, कारण तिकडच्या सगळ्याच वेबसाइट आपल्या कार्डाला ओटीपी मागतात असं नाही. कार्डाचा नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे मिळाले की पुष्कळ ठिकाणी काम होतं. एटीएम लागेल त्या दिवशी चालू करा, पैसे काढा, बंद करा. दुकानाच्या मशीनला दिवसाची मर्यादा घाला. आम्ही १५० युरोंच्या आसपास ठेवतो, हॉटेलचं बिल द्यायच्या दिवशी तेवढी वाढवतो. टॅप करून बिनपिनचे पैसे युरोपात साधारण ५० युरोपर्यंत जातात, आणि चोर पहिली पाच-दहा मिनिटं तेच करत बसतो, सिगारेटी आणि तिकिटं विकत घेत.

कार्डाच्या मागे बँकेचा १८०० नं सुरू होणारा नंबर असतो. तो भारताबाहेरून बहुधा लागत नाही. शेजारी किंवा बँकेच्या वेबसाइटवर +९१ नं सुरू होणारा नंबर असतो, तो घ्या. आणि कागदावर लिहा. मोबाइलमध्ये सेव्ह केलेला नंबर मोबाइल चोरीला गेल्यावर काय कामाचा? आमच्याकडे पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर सगळं लिहिलेलं असतं: दोन्ही बँकांचे नंबर, पासपोर्ट नंबर, विमा पॉलिसीचा नंबर, मुलाचा मोबाइल, हॉटेलचा पत्ता, भारतीय दूतावासाचा पत्ता. कार्डाचे शेवटचे चारच आकडे लिहायचे, पूर्ण नंबर नाही, पिन तर नाहीच नाही. मी नोकरीत असताना एटीएम कार्डाच्या पाकिटावर पिन लिहिणारे इतके बघितलेत की आता राग येत नाही, फक्त दमायला होतं. या पुठ्ठ्याच्या दोन प्रती, दोघांच्या वेगवेगळ्या बॅगांत.

मोबाइल गेला तर पाकिटापेक्षा मोठं नुकसान. बँक, यूपीआय, तिकिटं, बोर्डिंग पास, सगळं त्यात. चार गोष्टी करा. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक दिसतो, तो पुठ्ठ्यावर उतरवा. हरवलेला फोन शोधण्याची सोय चालू करा आणि ती नवऱ्याच्या फोनवरून कशी वापरायची ते एकदा करून बघा. आयफोन असेल तर २०२४ च्या सुरुवातीला आलेलं चोरीपासून संरक्षणाचं सेटिंग चालू करा, म्हणजे नुसता पासकोड चोरून बघितलेल्याला सगळं बदलता येत नाही. आणि चौथं, जे जवळजवळ कुणीच करत नाही: सिमला पिन लावा. नाहीतर तुमचा फोन कितीही कुलूपबंद असो, चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी त्याला येतात. फक्त हे घरी करा आणि जुना पिन माहीत नसेल तर अंदाजपंचे आकडे टाकत बसू नका. तीनदा चुकलं की सिम अडकतं आणि मग पीयूके, म्हणजे कंपनीकडचा कुलूप उघडायचा आकडा मागतं. कंपनीच्या दुकानात जाऊन करून घेतलेलं बरं.

शेवटचं घरकाम शिंप्याचं. आमच्या आज्या नऊवारीच्या कनवटीला पैसे लावून पंढरीच्या गर्दीत जायच्या, त्यात मोठं शहाणपण होतं. मी माझ्या दोन पंजाबी ड्रेसच्या सलवारींना आतून, नेफ्याच्या खाली, चेन असलेला खिसा लावून घेतला. साडी नेसणाऱ्यांनी परकराला लावावा. ह्यांच्या दोन पँटना आतल्या बाजूनं तसाच. शिंपी म्हणाला, ‘‘काकू, बाजारात यासाठी पट्टा मिळतो की.’’ मिळतो. आम्ही घेतलाही होता. पण उन्हात कमरेला घाम येतो, चौथ्या दिवशी माणूस तो पट्टा काढून बॅगेत टाकतो आणि पाचव्या दिवशी बॅग जाते. शिवलेला खिसा विसरता येत नाही.

अंगावर काय, कुठे

पैशाचे तीन हिस्से. रोजचा, राखीव, आणि हात न लावायचा.

रोजचा म्हणजे साठ-सत्तर युरो आणि एक कार्ड. हे बाहेरच्या पर्समध्ये. हे गेलं तर दिवस खराब होईल, सहल नाही. राखीव हिस्सा आतल्या खिशात, आणि तो फक्त हॉटेलच्या खोलीत किंवा स्वच्छतागृहात कडी लावून उघडायचा. हात न लावायचा हिस्सा म्हणजे दुसरं कार्ड आणि थोडी रोकड, हॉटेलच्या तिजोरीत किंवा नवरा-बायकोंपैकी दुसऱ्याच्या आतल्या खिशात. पासपोर्टही त्यातच. हॉटेल बदलायच्या दिवशी पासपोर्ट अंगावर घ्यावाच लागतो, त्या दिवशी तो आतल्या खिशाच्या बाहेर काढायचा नाही. टूर मॅनेजरला दाखवायला म्हणूनसुद्धा बसमध्ये हवेत फिरवायचा नाही.

नाण्यांचा बटवा मात्र वेगळा हवा. दोन युरोचं नाणं म्हणजे जवळपास दोनशे रुपये, आणि तिकडे स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला बहुतेक वेळा सुटे मोजावे लागतात. त्यासाठी दर वेळी मोठं पाकीट उघडलं की आत नोटा किती आणि कुठल्या कप्प्यात, ते रांगेतल्या सगळ्यांना कळतं.

पर्स तिरकी, पट्टा खांद्यावरून दुसऱ्या कुशीत, पर्स पोटावर, चेन अंगाच्या बाजूला. पाठपिशवी पोटाशी घ्यायची, लोकलमध्ये पोरं घेतात तशी. आणि आता माझं खास हत्यार. मराठी बाईच्या बांगडीत दोन सेफ्टी पिना असतातच. पर्सच्या चेनची कडी आणि पर्सचाच कोपऱ्यातला हूक, यांतून एक पिन घालायची आणि बंद करायची. उघडायला मला आठ सेकंद लागतात, हे मान्य. आमचे हे वैतागतात. पण चोराचं सगळं गणित दोन सेकंदांचं असतं, आठ सेकंद त्याच्याकडे नसतात. पाठपिशवीला दोन चेन समोरासमोर येत असतील तर किल्ल्यांची कडी दोन्हींतून ओवायची. बार्सिलोनाच्या मेट्रोत माझ्या पिनेशी कुणीतरी झटापट केलेली मला नंतर हॉटेलात कळली. पिन वाकली होती, आतलं पाकीट जागेवर होतं.

पिनेची ही गोष्ट मी सांगितली की पुरुष हसतात आणि मग हळूच विचारतात, ‘‘पँटच्या खिशालाही चालेल का?’’ चालेल.

दागिन्यांबद्दल थोडक्यात: सोनं घरी. काळे मणी घाला, साधे. सहलीच्या फोटोत गळा मोकळा दिसला म्हणून कुणी नावं ठेवत नाही, आणि ठेवली तर ठेवू देत.

सगळ्या युक्त्या ओळखीच्याच आहेत

परदेशातले चोर काहीतरी वेगळं करतात असं मला आधी वाटायचं. जसजशी माहिती गोळा करत गेले तसतसं लक्षात आलं, की अरे, हे तर आपल्याच बँकेच्या दारातलं.

आमच्या शाखेबाहेर वर्षातून एकदोनदा तरी व्हायचं. पेन्शन काढून आजोबा बाहेर पडले की कुणीतरी सांगायचं, ‘‘काका, शर्टावर घाण पडलीय.’’ आजोबा पिशवी खाली ठेवून शर्ट पुसायला लागले की पिशवी गायब. बार्सिलोनाच्या रांब्लावर हेच चालतं, तिथे पाठीवर पक्ष्याची शिट पडली म्हणतात आणि रुमाल घेऊन पुसायला धावतात. ती शिट त्यांनीच टाकलेली असते, बहुधा सॉस किंवा तसलंच काही. यावर उपाय एकच, घाण अंगावर घेऊन चालत राहायचं. दुकानात शिरायचं, तिथे भिंतीला पाठ लावून स्वतः पुसायचं. मदतीला आलेल्या गोड माणसाला ‘नो’ म्हणायला आपल्याला जीवावर येतं. येऊ दे.

‘‘आजी, पुढे गडबड झालीय, आम्ही पोलीस आहोत, दागिने काढून या कागदात बांधा’’ हे महाराष्ट्रातल्या किती आज्यांनी ऐकलंय! त्याचा युरोपातला भाऊ असा: साध्या कपड्यातला माणूस येतो, झटकन एक ओळखपत्र दाखवतो, खोट्या नोटा तपासतोय म्हणून पाकीट मागतो. प्रागमध्ये, रोममध्ये, बार्सिलोनात, सगळीकडे हा असतो. पाकीट हातात द्यायचं नाही. ‘पोलीस चौकीत चला’ म्हणायचं आणि ११२ लावायला मोबाइल काढायचा. युरोपीय संघातल्या सगळ्या देशांत आणीबाणीचा नंबर ११२ च आहे, आणि आपल्याकडेही तोच, त्यामुळे पाठ करायला सोपा. हा नंबर दाबताना दिसला की खोटा पोलीस सहसा थांबत नाही.

रस्त्यात सापडलेलं सोन्याचं बिस्कीट आपल्याकडे, तर पॅरिसला सेन नदीच्या काठावर सोन्याची अंगठी. तुमच्या पायाशी वाकून उचलतात, ‘तुमची का?’ विचारतात, मग बक्षिसी मागतात. अंगठी पितळेची असते. माँमार्त्रला साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांखाली काही तरुण दोरे घेऊन उभे असतात. हात पुढे केलात की बोटाला दोरा गुंडाळून राखीसारखं काहीतरी विणायला सुरुवात, हात अडकला, आणि मग पैसे. हात खिशात घालून, नजर न देता पायऱ्या चढा. आयफेल टॉवरजवळ पाटी घेऊन सह्या मागणाऱ्या मुली असतात, मुक्या-बहिऱ्यांसाठी म्हणून. तो कागद तुमच्या पर्सच्या वर धरला जातो आणि कागदाखाली दुसरा हात चालतो. आपल्या माणसांना सही करायला फार आवडतं. करू नका.

तुम्हाला वाटेल, मी अवाजवी भीती घालते आहे. एप्रिल २०१३ मध्ये पॅरिसचं लूव्र संग्रहालय एक दिवस बंद राहिलं होतं, कारण खिसेकापूंच्या त्रासाला कंटाळून तिथल्या कर्मचाऱ्यांनीच काम थांबवलं. मे २०१५ मध्ये याच कारणानं आयफेल टॉवरचे दरवाजे काही तास बंद होते. व्हेनिसमध्ये एक बाई गल्ल्यांतून ‘‘अत्तेन्त्सिओने! पिकपॉकेट!’’ असं ओरडत चोरांच्या मागे फिरायची, २०२३ मध्ये तिचा आवाज जगभर मोबाइलवर घुमला. तेव्हा आमच्या सोसायटीतली लहान मुलंसुद्धा जिन्यात तसं ओरडत होती. तुम्हीही ओरडा. मराठीत ओरडलं तरी चालतं. चोराला गाजावाजा नको असतो, भाषा कुठलीही असो.

कुठे सावध आणि कधी

नुसती गर्दी धोक्याची नसते. सगळ्यांची मान एकाच दिशेला वळते ती जागा धोक्याची. प्रागच्या जुन्या चौकातलं खगोलीय घड्याळ दर तासाला वाजतं, वरच्या खिडक्यांतून प्रेषितांचे पुतळे फिरतात, आणि खाली शे-दोनशे माणसं तोंड वर करून, दोन्ही हातांनी मोबाइल उंच धरून उभी असतात. यापेक्षा सोयीचं काय असणार? आम्ही ठरवून टाकलंय, एकानं बघायचं आणि दुसऱ्यानं त्याच्या मागे उभं राहायचं. पुढच्या तासाला अदलाबदल. रोमच्या त्रेव्ही कारंज्यापाशी नाणं टाकायला पर्स कठड्यावर ठेवतात, लूव्रमध्ये मोनालिसापुढे रेटारेटी होते, तिथेही हेच.

दुसरी जागा म्हणजे उंबरठा: मेट्रोचं दार, सरकता जिना, तिकिटाचं फाटक. पुढचा थांबतो, मागचा धडकतो, मधला उचलतो, आणि माल लगेच चौथ्याकडे. म्हणून दाराला लटकून नंतर चढण्याची आपली मुंबईची सवय तिथे सोडा. डब्यात आत सरका आणि दाराकडे पाठ करू नका. शिट्टी वाजली तर ती गाडी सोडा, दोन-चार मिनिटांत दुसरी येते. आम्ही त्या दिवशी सोडली असती तर! घरातलं माणूस मागे राहिलं तर काय करायचं हेही आधी बोलून ठेवा. आमचा नियम असा, की राहिलेल्यानं तिथेच थांबायचं, गेलेल्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरून परत यायचं. असा नियम असला की कुणाला कुणाचा हात ओढावा लागत नाही.

रोमची ६४ नंबरची बस तेर्मिनीहून व्हॅटिकनच्या बाजूला जाते आणि खिसेकापूंसाठीच प्रसिद्ध आहे. पॅरिसची मेट्रो लाइन १ लूव्र आणि शाँझेलिझे जोडते, तिचीही तीच कीर्ती. तिथे ‘खिसेकापूंपासून सावध’ अशी घोषणा झाली की आमचे हे लगेच खिसा चाचपायचे. म्हणजे चोराला आयतं सांगितलं, माल इथे आहे. आता घोषणा झाली की ते माझ्याकडे बघतात आणि हात वर दांडीला लावतात. मोठी तपश्चर्या आहे ती.

जिथे आपण अगदी निवांत असतो ती जागा मात्र कुणी सांगत नाही: हॉटेलचा नाश्ता. खुर्चीला पर्स अडकवून बायका ब्रेड भाजायला जातात. इस्त्रीचे कपडे घालून, पाहुण्यासारखा आत आलेला माणूस ती पर्स उचलून तितक्याच निवांतपणे निघून जातो. चेकआउटच्या सकाळी लॉबीत चाळीस बॅगांचा ढीग असतो, तेव्हाही तेच. टेबलावर कुणीतरी एक बसून राहिलंच पाहिजे. आमच्याकडे हे काम नणंदबाईंचं, कारण त्यांना भाजलेला ब्रेड आवडत नाही.

लंडनचं वेगळं आहे. तिथे खिशातून काढण्यापेक्षा हातातून हिसकावतात. फुटपाथच्या कडेला उभं राहून नकाशा बघताना इलेक्ट्रिक सायकलवरून येतात आणि फोन घेऊन जातात. फोन बघायचा तर दुकानाच्या भिंतीला पाठ लावून, रस्त्यापासून लांब.

गेलंच तर

रडारड नंतर. आधी कार्ड बंद. त्या पुठ्ठ्यावरच्या नंबरवर फोन करून. तक्रार केल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. बँकेशी पुढे वाद झाला तर तोच आकडा उपयोगी पडतो, एवढं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेली म्हणून सांगते. फोन गेला असेल तर कार्डाबरोबरच सिम बंद करायला घरी मुलाला सांगा.

मग दहा मिनिटं आसपासचे कचऱ्याचे डबे बघा. लाज वाटून घेऊ नका. चोराला नोटा हव्या असतात, पाकीट लवकरात लवकर टाकून द्यायचं असतं, आणि ते बऱ्याचदा जवळच्याच डब्यात पडतं. आमचं नाही मिळालं. आमच्याच ग्रुपमधल्या एका काकांचं, सिद्धिविनायकाशिवायचं, स्टेशनच्या जिन्याखाली मिळालं.

नंतर पोलीस. मोठ्या स्टेशनांत चौकी असते. इटलीत त्या कागदाला देनुन्चा म्हणतात, स्पेनमध्ये देनुन्सिआ. तुमची वस्तू ‘चोरीला गेली’ असंच लिहून घ्या, ‘हरवली’ नको, कारण विमा कंपनीला या दोन शब्दांत फरक दिसतो. पॉलिसीत किती तासांत पोलिसांत जायला हवं ते लिहिलेलं असतं, चोवीस तास ही नेहमीची अट. आम्ही तेर्मिनीच्या चौकीत दोन तास बसलो. आमच्या आधी एक कोरियन जोडपं होतं, नंतर तिघी ब्राझीलच्या. त्या पोलिसानं ह्यांच्या यादीतलं ‘लायब्ररी कार्ड’ वाचून मान वर केली, पण काही बोलला नाही. रोकड बहुतेक विम्यातून मिळत नाही. आमचे ३४० युरो गेले ते गेलेच.

पासपोर्ट गेला असेल तर त्या पोलिसी कागदासह भारतीय दूतावास. रोममध्ये तो व्हिया व्हेंती सेत्तेंब्रेवर आहे, तेर्मिनीपासून फार लांब नाही. मिलानला वाणिज्य दूतावास आहे. जर्मनीत बर्लिनखेरीज म्युनिक, फ्रँकफुर्ट, हॅम्बुर्गला आहेत, स्वित्झर्लंडमध्ये बर्न आणि जिनिव्हाला. तुमच्या मार्गावर सगळ्यात जवळचं कुठलं, ते पुठ्ठ्यावर आधीच लिहा. घाई असेल तर तिथे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. ते एकाच प्रवासाचं, थेट भारतात परतण्यासाठी. म्हणजे पुढचे देश विसरायचे. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स, व्हिसाची झेरॉक्स आणि दोन पासपोर्ट साइज फोटो वेगळ्या बॅगेत असले तर ते काम पुष्कळ लवकर होतं.

परतीचा दिवस

शेवटच्या दिवशी सगळे ढिले पडतात. पैसे संपत आलेले, खरेदी झालेली, दोन्ही हातांत बॅगा. पॅरिसला गार द्यू नॉरहून विमानतळाला आरईआर बी गाडी जाते, तिच्या फलाटावर नेमक्या याच अवस्थेतली माणसं असतात. तिकिटाच्या मशीनपाशी ‘मदत करू का’ म्हणत कुणी आलं तर मशीन सोडून द्या, खिडकीवर जा. जिन्यावर बॅग उचलून देणाऱ्याला मोठ्यानं ‘नो, थँक यू’. तिकीट आदल्या रात्री काढून ठेवलेलं सगळ्यात उत्तम.

आणि विमानतळावर सुरक्षा तपासणीत आतल्या खिशातलं सगळं ट्रेमध्ये काढावं लागतं, पिना, बांगड्या, पाऊच, मोबाइल. तो ट्रे लगेच पुढे ढकलू नका. तुमच्या पुढचा माणूस कमानीतून पलीकडे जाऊ दे, तुमची पाळी आली की मग ढकला, आणि दोघं असाल तर आधी एकानं रिकाम्या हातानं पलीकडे जाऊन ट्रेच्या तोंडाशी उभं राहायचं. आमच्याकडे नणंदबाई जातात.